बाहेरून शिकणाऱ्यांना शिकवायचं कसं?

विट्याच्या एका महाविद्यालयातल्या मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा: "यंदापासून आमच्या कॉलेजातल्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचं काम माझ्याकडे आलंय. बी.ए. आणि बी.कॉम. मिळून तीनशे नोंदणी आहे. रविवारच्या संपर्कसत्राला अकरा-बारा जण येतात. गृहपाठ येतात ते सगळे एकमेकांचे उतारे. शिकवणं सुधारायचं म्हणजे मी नेमकं काय करू? वरच्या धोरणात काय बदललं तर आमच्यासारख्यांना काही करता येईल? आणि हजेरी सक्तीची करावी का?"

मॅडम, मी वाणिज्य शिकवायचो. नोकरी सांभाळून सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या तीन अभ्यासकेंद्रांवर, वेगवेगळ्या विद्यापीठांसाठी, आधी संमंत्रक (म्हणजे केंद्रावर शिकवणारा) आणि मग संयोजक (म्हणजे केंद्राचं काम बघणारा) म्हणून काम केलं. आता निवृत्त होऊन साताऱ्यात असतो. चुका भरपूर केल्या, त्यातल्या एक-दोन पुढं सांगतोच.

आधी त्या अकरा जणांबद्दल. तुम्हाला ते अपयश वाटतंय, कारण आपण सगळे वर्गात वाढलेली माणसं. बाकं भरली की शिकवल्यासारखं वाटतं. पण उरलेले दोनशे नव्वद रविवारी कुठं असतात ते एकदा नोंदवहीतल्या पत्त्यांवरून आणि फोन नंबरांवरून काढून बघा. तुमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या दुकानात कुठं केरळात, कुठं तमिळनाडूत, कुठं दिल्लीत सोनं-चांदी आटवत बसलेली असतात. माझ्याकडं पाटण-जावळीची पोरं होती, ती मुंबईत माथाडीत. फौजेतले होते, ते तर कुठल्या चौकीवर आहेत हेही सांगता येत नव्हतं. बढतीसाठी पदवी हवी असलेल्या अंगणवाडीताई होत्या. लग्न लवकर झालेल्या आणि आता मुलगा दहावीला गेल्यावर स्वतः बारावीपुढं शिकायला बसलेल्या बायका होत्या. ह्या लोकांना रविवारी सकाळी दहाला बाकावर बसवता येत असतं, तर ते मुक्त विद्यापीठात आलेच कशाला असते?

तेव्हा त्यांच्याशी आपली गाठ पडते ती एकाच ठिकाणी, गृहपाठाच्या वहीत. ती वही वर्षातून चार-दोन वेळा तरी त्यांच्या घरातून आपल्या टेबलावर येते. ती वाचून, तिच्यावर काही लिहून परत पाठवणं, एवढंच काय ते दूरशिक्षणातलं शिकवणं. बाकी पुस्तकं, व्हिडिओ, संपर्कसत्रं ही सगळी त्याच्या आजूबाजूची व्यवस्था. आणि आपल्याकडं नेमकं तेच काम कुणी करत नाही.

मीही करत नव्हतो. पहिली काही वर्षं मी वीसपैकी सोळा, सतरा, अठरा असे गुण पानं मोजून आणि अक्षर बघून दिले. एका केंद्रावर तर वह्या न उघडताच गुणांची यादी तयार व्हायची आणि मे महिन्यात गठ्ठे रद्दीत जायचे. त्या यादीवर माझीही सही असे. एकदा सातारच्या पोलीस लाइनीत राहणाऱ्या एक बाई भेटल्या, पदवी झाली म्हणून पेढे घेऊन आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "सर, पहिल्या वर्षी मी वहीत मधेच पेन्सिलीनं तुम्हाला एक प्रश्न लिहिला होता. त्याचं उत्तर काय हो?" त्यांना सतरा गुण मिळाले होते. मी काहीतरी थातुरमातुर बोललो. पेढा मात्र घशाखाली उतरला नाही.

त्याच्या पुढच्या सत्रापासून मी वह्या वाचायला लागलो. वाचल्यावर काय दिसतं, याचं एकच उदाहरण नीट सांगतो, कारण सगळं सार त्यातच आहे.

विषय घसारा. पुस्तकातली व्याख्या अशी काहीशी होती: स्थिर मालमत्तेच्या वापरामुळे, कालमानामुळे वा अप्रचलित झाल्यामुळे तिच्या मूल्यात होणारी क्रमशः व कायमस्वरूपी घट. वाक्य बिनचूक आहे. त्याखाली एका कारखान्याचं उदाहरण आणि शेवटी 'घसाऱ्याची व्याख्या सांगून उद्दिष्टे स्पष्ट करा' असा प्रश्न. उत्तरं काय येणार? तेच वाक्य, चाळीस वह्यांत, चाळीस अक्षरांत. कॉपी कॉपी म्हणून आपण ओरडतो, पण प्रश्नच उतरवून काढायचा घातला तर पोरांनी दुसरं करावं काय?

म्हणून मी प्रश्न बदलला. 'तुमच्या गावातलं एक यंत्र घ्या, ज्याच्यावर कुणाचं तरी पोट चालतं. मालकाला विचारून किंमत, किती वर्षं चालेल आणि मोडीत काय येईल ते लिहा. घसारा काढा. मग मालकाला सांगा आणि तो काय म्हणाला तेही लिहा.' पिठाची गिरणी आली, शेवयांचं यंत्र आलं, दूध संकलनाचा फॅट काढायचा काटा आला, बेदाण्याच्या शेडवरची नेटिंग मशीन आली. एकीनं लिहिलं होतं: गिरणी ८०,००० रुपयांची, दहा वर्षं चालेल, मोडीत ५,००० येतील, म्हणून दरवर्षी ७,५०० घसारा. गणित बरोबर. त्याखाली तिनं पुढं लिहिलं, 'अशा प्रकारे दहा वर्षांत ७५,००० रुपये जमा होतात व मालक नवीन गिरणी घेऊ शकतो. परंतु आमच्या गिरणीवाल्याने पैसे बाजूला ठेवलेले नाहीत म्हणून तो घसारा काढत नाही.'

आता हे वाक्य म्हणजे माझ्यासाठी लॉटरी होती. पुस्तकात 'यंत्र बदलण्यासाठी तरतूद' असा शब्द होता. 'तरतूद' म्हटल्यावर आपल्याकडं माणूस काय समजणार? लग्नाची तरतूद, पावसाळ्याची तरतूद, म्हणजे डब्यात घातलेले पैसे. म्हणून पोरांच्या डोक्यात घसारा म्हणजे बँकेत भरलेली रक्कम. मग बाकीच्या वह्या पुन्हा काढल्या, तर निम्म्याहून जास्त वह्यांत आडून-वळून हाच गैरसमज. मी वर्गात वर्षानुवर्षं घसारा शिकवला होता, पण हे मला फळ्यासमोर उभं राहून कधी कळलं नव्हतं. वर्गात सगळे माना डोलावतात.

तिच्या वहीवर मी तीन ओळी लिहिल्या. 'गिरणीवाल्याशी बोललात हे छान, गणितही बरोबर. हे ७,५०० रुपये त्याने कुणाच्या हातात दिले? पावती कुणाची? पान ६२ वरचं नफा-तोटा पत्रक पुन्हा बघा आणि मला फोन करा.' आठवड्यानं फोन आला. "सर, ते कुणाला दिलेच न्हाईत की वो. नुसतं लिवलंय." बरोबर. नुसतं लिहिलंय. पैसे कुठंच गेलेले नाहीत, कारण ते गिरणी घेतली त्याच दिवशी गेले होते. आता आपण ते दहा वर्षांच्या हिशोबावर वाटून दाखवतोय, एवढंच. तसं दाखवलं की नफा ७,५०० नं कमी दिसतो आणि शहाणा मालक तेवढे पैसे नफा समजून घरी नेत नाही. धंद्यात राहतात ते त्या मार्गानं, वेगळा डबा नसतो. हे तिनं स्वतःच बोलता बोलता जुळवलं. मी तो गैरसमज आणि ते उत्तर एका पानावर लिहून, झेरॉक्स काढून सगळ्यांना पाठवलं. पुढच्या वर्षापासून ते पान पहिल्या दिवशीच पुस्तकासोबत द्यायला लागलो.

सुधारणा म्हणतात ती ही. वह्या वाचायच्या, एकच चूक कितीजण करतात ते बघायचं, ती चूक पुस्तकाच्या कुठल्या शब्दातून आली ते शोधायचं आणि एक पान लिहायचं. बोर्ये होल्मबर्ग नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं दूरशिक्षणाच्या साहित्याला 'मार्गदर्शित संवाद' म्हटलंय, म्हणजे लेखकानं पुस्तकात वाचणाऱ्याशी बोललं पाहिजे. दूरशिक्षणाचेच दुसरे अभ्यासक मायकेल मूर यांचं म्हणणं असं की दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतंच. शिक्षक-विद्यार्थ्यांत संवाद किती आणि अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट, त्यावर ते ठरतं. संवाद नसेल तर कॉलेजच्या गेटसमोर राहणाराही लांबच. आणि गलाईच्या दुकानातून फोन करून 'पावती कुणाचीच नाही' म्हणणारा माझ्या शेजारी बसल्यासारखा.

आता तुम्ही म्हणाल, तीनशे विद्यार्थ्यांच्या सगळ्या विषयांच्या वह्या कोण वाचणार? कुणीच नाही. ते मनातून काढून टाका, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात दम लागेल. फक्त प्रथम वर्ष घ्या, त्यातही पहिल्या सत्राचा पहिला गृहपाठ, प्रत्येक विद्यार्थ्याचा एकच विषय. समजा प्रथम वर्षाला एकशे वीस जण आहेत. वहीला सात मिनिटं धरली तर चौदा तास. चार संमंत्रकांत वाटलं तर प्रत्येकी साडेतीन तास. रविवारच्या एका रिकाम्या वर्गात आपण तेवढा वेळ घालवतोच. पहिलाच गृहपाठ का, तर गळती तिथंच होते. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, कपाटावर ठेवला जातो, पहिली मुदत हुकते, आणि मग माणूस स्वतःशीच म्हणतो की आपल्याच्यानं होणार नाही. त्याच सुमाराला कुणीतरी त्याचं लिहिलेलं वाचून, नाव घेऊन, काहीतरी विचारलं तर तो टिकायची शक्यता वाढते. ज्यांचा पहिला गृहपाठ आलाच नाही, त्यांना फोन करा. 'का दिला नाही?' असं विचारू नका, तो पोलिसी सवाल होतो. 'पुस्तकं मिळाली का? कुठलं उघडलंत?' एवढंच विचारा. मी केलेल्या फोनांत कितीतरी वेळा उत्तर आलं, "पुस्तकं अजून पोस्टातच आहेत."

शेरा लिहायची माझी सवय सांगतो. एक ओळ त्याने नेमकं काय चांगलं केलं त्याची, नुसतं 'छान' नको. एक ओळ प्रश्नाची, ज्याचं उत्तर त्याला पुस्तक उघडल्याशिवाय देता येणार नाही. आणि पान क्रमांक. लाल पेन वापरू नका. हा माझा हट्ट आहे, त्याला काही शास्त्र नाही. पण तीस वर्षांपूर्वी शाळेत नापास झालेल्या बाईची वही लाल करून पाठवली की तिच्या मनात काय होतं ते मी पाहिलंय.

तयार गृहपाठांचा धंदा तुम्हाला माहीत असेलच. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं विषयवार गठ्ठे मिळतात. आता चॅटजीपीटी आलं, तेव्हा झेरॉक्सवाल्याचंही कठीण झालं. यावर चौकशी, नोटीस, शिक्षा असलं करत बसू नका. गिरणीवाल्याचं म्हणणं झेरॉक्सवाल्याकडं मिळत नाही. चॅटजीपीटीनं ते रचून दिलं तर वाचताना लगेच कळतं, कारण त्यातला गिरणीवाला फार शुद्ध बोलतो. शंका आलीच तर पाच मिनिटं फोनवर बोला, 'गिरणी कुणाची? कुठल्या गल्लीत?' एवढ्यात निकाल लागतो. विद्यापीठ नेमून दिलेले प्रश्न बदलू देत नसेल तर त्याच प्रश्नाखाली आपला एक उपप्रश्न जोडा. त्याला गुण नसले तरी चालतात, पोरं उत्तर देतात.

संपर्कसत्रांचं आता. दहा रविवार ठेवण्यापेक्षा चार ठेवा आणि ते इथल्या पंचांगावर बेतून ठेवा. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत सत्र लावलं तर कोण येणार? ऊस गाळपाचे महिने तसेच. उलट गलाईवाले दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी येतात. जत्रेच्या आदल्या-मागल्या दोन दिवसांत मी सत्र ठेवलं तेव्हा खोली कमी पडली होती. कोण कधी गावात असतो हे नोंदणीच्या वेळीच अर्जावर पेन्सिलीनं लिहून घ्या. वेळही साडेदहा ते पाच नको. लांबच्या गावच्या बायका चारच्या एसटीकडं डोळा लावून बसतात. शेवटच्या तासाला त्यांचं शरीर वर्गात आणि मन स्टँडवर असतं. अकरा ते तीन, मध्ये डबा खायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यांच्या आपसांत ओळखी होतात आणि पुढं वर्षभर त्याच एकमेकींना मुदतीची आठवण करतात. हे काम आपल्यानं तितकं चांगलं होत नाही.

पहिल्या सत्रात उद्घाटन, हार, प्राचार्यांचं भाषण काही नको. सगळ्यांना पुस्तकाचं एक पान उघडायला लावा आणि पेन्सिल हातात घेऊन सोबत वाचा. पान कसं वाचायचं, कशाखाली रेघ मारायची, समासात प्रश्न कसा लिहायचा, घटकाच्या शेवटी दिलेली 'स्वयं-अध्ययन' कृती सोडून पुढं का जायचं नाही. बारा-पंधरा वर्षं पुस्तक हातात न घेतलेल्या माणसाला विषय येत नसतो असं नाही, त्याला वाचायची सवय राहिलेली नसते. जतच्या बाजूच्या पोरांचं आणखी एक. घरी कानडी, शाळा कुणाची मराठी कुणाची कानडी, आणि आपलं पुस्तक छापील बोजड मराठीत. त्यांच्या वहीत शुद्धलेखन तपासू नका. उत्तर समजलंय का एवढंच तपासा. माझ्या एका संमंत्रक मित्राला कानडी येत होतं, तो दोन वाक्यं कानडीत बोलला की पोरं मोकळी व्हायची. अशा माणसाला सोडू नका.

व्हॉट्सॲप गट कराच, पण तो 'सूचना फलक' झाला की मेला. चाळीस मिनिटांचे रेकॉर्ड केलेले तास कुणी पूर्ण ऐकत नाही. तीन मिनिटांचा आवाजी संदेश, एकाच अडचणीवर, सकाळी दूध घालायला जाताना ऐकता येईल असा, तो चालतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम चांगले आहेत, होतकरू पोराला जरूर दाखवा. पण कोयनेच्या खोऱ्यातल्या ज्या घरात फोनला रेंज यायला उंबऱ्याबाहेर येऊन उभं राहावं लागतं, तिथं छापील पुस्तकच उपयोगी. डिजिटलच्या नावाखाली छापील पुस्तकं बंद करायचा विचार कुठं ऐकू आला तर केंद्र संयोजक म्हणून लेखी विरोध नोंदवा.

आता धोरण. इतिहास थोडा माहीत असलेला बरा, पण फार नको. दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ झालं, १९८५ मध्ये इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ज्यांचं नाव त्याला दिलं ते यशवंतराव देवराष्ट्र्याचे, म्हणजे तुमच्या विट्यापासून हाकेच्या अंतरावरचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही गोष्ट साताऱ्याला सवयीची करून टाकली. म्हणून कामकरी माणसानं शिकण्यात काही कमीपणा आहे असं आपल्या भागात मुळात नव्हतं. तरी आज 'बी.ए. झालोय' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, 'रेग्युलर का बाहेरून?' मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. ते पत्रक छापून केंद्राच्या दारावर लावा. पोरं मोबाइलमध्ये फोटो काढून नेतात, मुलाखतीत उपयोगी पडतं.

नियमांचा गाभा सध्या आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांत आहे. त्यात सत्राच्या शेवटच्या परीक्षेला किमान ७० टक्के आणि सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के भार आहे. म्हणजे तुमच्या वहीला कागदोपत्री चांगली जागा आहे. स्वयं-अध्ययन साहित्य कसं असावं याचीही मार्गदर्शक तत्त्वं त्यात आहेत आणि ती वाईट नाहीत. दुखणं नियमांत कमी आणि पैसा कशाच्या मागं जातो त्यात जास्त आहे.

मी पाहिलेल्या केंद्रांवर पैसा नोंदणीच्या मागं जायचा. विद्यार्थी भरला की शुल्कातला वाटा केंद्राला. तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आला काय, न आला काय, कुणाला काही फरक पडत नसे. संमंत्रकाला तासाचं मानधन, मग समोर अकरा असोत नाहीतर एकही नसो. वही तपासायचं मानधन इतकं तुटपुंजं आणि इतकं उशिरा की ती वाचणारा मूर्ख ठरावा. धोरणात एकच गोष्ट बदलायला सांगितली तर मी हे सांगेन: मानधन तासाला देण्याऐवजी शेरा लिहून परत गेलेल्या वहीला द्या, आणि विभागीय केंद्रानं दर सत्रात प्रत्येक अभ्यासकेंद्राच्या वीस वह्या कुठल्याही उचलून शेरे वाचावेत. गुण बघायला नको, शेरे. महिन्याभरात सगळ्या जिल्ह्याची सवय बदलेल.

दुसरं, प्रत्येक केंद्रानं दारावर एक आकडा लावावा. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला किती होते आणि त्यातले किती यंदा द्वितीय वर्षाला परत आले. निकालाची टक्केवारी फसवी असते, कारण ती परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. न बसलेले कुठल्याच टक्केवारीत येत नाहीत. आमच्या केंद्राचा निकाल एका वर्षी झकास लागला, सत्कारही झाला. मी घरी येऊन नोंदणीची यादी समोर ठेवली तर निम्मी माणसं परीक्षेपर्यंत पोचलीच नव्हती.

तिसरं तासांचं. हे गणित करून बघा, मला ते उशिरा सुचलं. एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे तीस तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, म्हणजे सत्राला २०, म्हणजे ६०० तास. प्रवेश आणि पुस्तकं यांत महिना जाऊन हातात वीस आठवडे उरले तर आठवड्याला तीस तास. दिवसाला चार तासांच्या वर. माथाडीचं किंवा गलाईचं काम करून रोज चार तास अभ्यास कोण करेल? मग तो काय करतो? परीक्षेआधी आठ दिवस गाइड वाचतो. आपण त्याला आळशी म्हणतो, पण अभ्यासक्रम मोजणाऱ्यानं त्याचा दिवस कधी मोजलेलाच नाही. श्रेयांक बँक २०२१ पासून आहे, तिथं साठवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालू शकतात, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षागणिक प्रमाणपत्र, पदविका घेऊन बाहेर पडायची व पुन्हा यायची सोय सांगितली आहे. तर मग विद्यापीठांनी नोंदणीच्या वेळीच कामकऱ्याला विचारावं की या सत्रात पाच विषय घेतोस की दोन? शुल्कही त्याच हिशोबानं. दोन विषय नीट वाचणारा माणूस पाच विषय नापास होणाऱ्यापेक्षा लवकर पदवीला पोचतो. विद्यापीठात ही सोय नसेल तर तोपर्यंत तुम्ही निदान समुपदेशनात सांगू शकता की पाचही पेपर एकदमच निघाले पाहिजेत असं काही नाही, दोन-तीनवर जोर लाव, उरलेले पुढच्या परीक्षेला बघू. मी हे उघडपणे सांगायचो आणि वरिष्ठांची बोलणीही खायचो.

चौथं छोटं आहे. पुस्तक लिहिणाऱ्या समितीत एक तरी संमंत्रक हवा, ज्यानं गेल्या दोन वर्षांत शंभर वह्या वाचल्यात. 'तरतूद' या शब्दानं काय गोंधळ होतो हे नाशिकला किंवा दिल्लीला बसून कळत नाही. मी ते एक पान एका विद्यापीठाकडं पाठवलं होतं, पोचही आली नाही. तरी तुम्ही पाठवत राहा, एखाद्या वेळी योग्य टेबलावर पडतं.

एक इशारा. २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. त्यामुळं तुमच्या तीनशेत आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी किंवा दुसरीकडं नियमित कॉलेजात असलेली वीस-एकवीस वर्षांची पोरं बरीच असतील. ती हुशार असतात, गटावर पहिली उत्तरं तीच टाकतात, आणि संमंत्रकाला वाटतं की सगळ्यांना समजलं. चाळिशीची अंगणवाडीताई गप्प होते. शेरे लिहायचा वेळ कमी असेल तर आधी तिच्या वहीवर लिहा.

राहिला हजेरीचा प्रश्न. प्रात्यक्षिक असलेल्या विषयांना हजेरी हवीच, त्याला इलाज नाही, पण ती सलग आठ-दहा दिवसांच्या शिबिरात घ्या, जत्रेच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीला जोडून. बाकी बी.ए., बी.कॉम.च्या विषयांना सक्ती करू नका. मी एका वर्षी केली होती, अर्ज अडवून ठेवायची धमकी देऊन. साठ जण आले. त्यातल्या एका पोरानं त्यासाठी कोचीनहून येण्या-जाण्यात चार दिवसांची मजुरी घालवली, दिवसभर मागच्या बाकावर झोपला आणि दुसऱ्या वर्षी नाव घातलं नाही. हजेरीपट भरण्याऐवजी परत गेलेल्या वह्यांची नोंद ठेवायला एक साधी वही करा: नाव, वही आली ती तारीख, परत गेली ती तारीख, फोन झाला का. या सत्राचा पहिला गृहपाठ यायला अजून दोन-तीन आठवडे असतील. तेवढ्यात तुमच्या चार संमंत्रकांना चहाला बोलवा आणि एकाच विद्यार्थ्याची वही चौघांना वेगवेगळी वाचायला द्या. चौघं चार शेरे लिहितील, त्यावर भांडण होईल. होऊ द्या.